कामावरच्या दुखापतीची भरपाई मागताना दवाखान्याचे कागद कुणाला, किती आणि कसे द्यावेत

कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या एखाद्या कारखान्यात पॉवर प्रेसखाली बोट सापडले की आठवड्याभरात जखमी कामगाराच्या हातात, म्हणजे उरलेल्या धड हातात, तीन-चार छापील कागद येतात. एक कंपनीचा, एक विमा कंपनीचा आणि एक दवाखान्याचा. त्यांपैकी एका कागदाच्या तळाशी बारीक अक्षरांत हमखास एक ओळ असते : ‘माझ्यावर आजवर झालेल्या सर्व उपचारांची माहिती कोणत्याही डॉक्टरकडून अथवा रुग्णालयाकडून मिळवण्यास माझी संमती आहे.’ पट्टी बांधलेल्या हाताने सही करता येत नाही, म्हणून पुष्कळदा डाव्या हाताचा अंगठा घेतला जातो आणि त्याबरोबर दहा वर्षांपूर्वीच्या क्षयरोगाचे औषधपाणी, मधल्या काळातली मानसोपचारांची फाइल आणि बायकोच्या बाळंतपणाच्या वेळी केलेल्या रक्ततपासण्या असे सगळेच उघडे पडते. काही वर्षे मी कामगार संघटनेच्या कार्यालयात असे अर्ज भरून देत होतो. दावा बोटाचा असेल तर कागदही बोटाचेच द्यावे लागतात, एवढी एक गोष्ट ठाऊक नसल्यामुळे झालेले नुकसान मी अनेकदा पाहिले आहे, आणि ते कसे टाळावे हे सांगण्यासाठी हे लिहीत आहे.

आधी दावा कुणाकडे करायचा हे ठरवावे, कारण कागद कुणाकडे जाणार हे त्यावर अवलंबून असते. कारखान्याला राज्य कामगार विमा योजना लागू असेल आणि आपले मासिक वेतन २१,००० रुपयांपर्यंत असेल, तर भरपाई मालकाकडे मागायची नसते. ती राज्य कामगार विमा महामंडळाकडून मिळते. तात्पुरत्या अपंगत्वाच्या काळात वेतनाच्या सुमारे ९० टक्के दराने लाभ मिळतो आणि कायमचे अपंगत्व किती हे वैद्यकीय मंडळ ठरवते. अशा वेळी मालकाचे काम अपघाताचा अहवाल पाठवण्याचे असते, आपली फाइल वाचण्याचे नसते. योजना लागू नसेल तर मात्र दावा मालकाविरुद्ध होतो. हे दावे १९२३ च्या कर्मचारी नुकसानभरपाई अधिनियमाखाली चालत आले आहेत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० लागू झाली असून त्या कायद्याच्या तरतुदींचा गाभा तिच्या एका प्रकरणात आलेला आहे. आपला अपघात त्या तारखेच्या आधीचा की नंतरचा, हे वकिलाला पहिल्याच भेटीत सांगावे. दोन्ही कायद्यांत दाव्याची मुदत साधारणपणे अपघातापासून दोन वर्षे आहे.

आता भरपाईचा हिशेब कसा होतो ते पाहू, कारण कोणता कागद लागतो आणि कोणता लागत नाही याचे उत्तर त्या हिशेबातच दडलेले आहे. तीस वर्षांच्या एका कामगाराची उजवी तर्जनी मुळापासून गेली आहे आणि अपघात १९२३ च्या कायद्याखालचा आहे, असे समजा. २०२० च्या जानेवारीपासून हिशेबासाठी धरायच्या मासिक वेतनाची कमाल मर्यादा १५,००० रुपये आहे. त्याचे ६० टक्के म्हणजे ९,००० रुपये. तीस वर्षे वयासाठी कायद्याच्या चौथ्या अनुसूचीतला गुणक २०७.९८ आहे, म्हणून गुणाकार १८,७१,८२० रुपये. पहिल्या अनुसूचीत संपूर्ण तर्जनी गमावल्यास कमाईची क्षमता १४ टक्के घटते असे धरले आहे, त्यामुळे भरपाई होते २,६२,०५५ रुपयांच्या आसपास. या हिशेबात वय लागले, वेतन लागले आणि बोट कुठून तुटले हे लागले. रक्तातली साखर, रक्तदाब, झोपेच्या गोळ्या यांना त्यात जागाच नाही. विमा कंपनीचा माणूस ‘संपूर्ण हिस्टरी’ मागू लागला की हा हिशेब त्याच्यासमोर ठेवावा आणि कोणत्या आकड्यासाठी कोणता कागद हवा आहे, असे शांतपणे विचारावे.

सगळेच दावे इतके सरळ नसतात. अनुसूचीत नसलेल्या दुखापतीत, उदाहरणार्थ कमरेचा मणका सरकला असेल तर, कमाईची क्षमता किती घटली हे पात्र डॉक्टरला ठरवावे लागते आणि ‘कंबर आधीपासूनच दुखत होती’ हा बचाव मालकाकडून येतोच. तिथे कमरेचे जुने कागद संबंधित ठरतात; ते दडवू नयेत, दडवले आणि पुढे सापडले तर खऱ्या दुखापतीवरचाही विश्वास उडतो. कोल्हापूरच्या फाउंड्र्यांमध्ये म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यांमध्ये, विशेषतः वाळू हाताळणाऱ्या आणि कास्टिंग साफ करणाऱ्या विभागांत वर्षानुवर्षे काम केलेल्या माणसाने सिलिकोसिसचा, म्हणजे वाळूच्या बारीक धुळीने होणाऱ्या फुप्फुसाच्या रोगाचा दावा केला, तर खासगीपणाची जागा आणखी आक्रसते. सिलिकोसिस हा कायद्याने मान्य केलेला व्यवसायजन्य रोग आहे, पण छातीच्या एक्स-रेवर तो क्षयरोगासारखा दिसू शकतो आणि दोन्ही एकत्रही असतात. म्हणून क्षयरोगाचे जुने उपचार, तंबाखू-विडीची सवय, आधीच्या नोकऱ्या हे सारे चौकशीत येणार हे मनाशी धरूनच चालावे. तरीसुद्धा छातीचे कागद म्हणजे छातीचेच. याच कामगारांच्या हाती एक उलटे हत्यारही आहे, ज्याचा वापर फारच कमी लोक करतात. फाउंड्री हा कारखाने अधिनियम, १९४८ च्या पहिल्या अनुसूचीत धोकादायक प्रक्रियेचा उद्योग म्हणून नोंदवलेला होता आणि त्याच्या कलम ४१-सी प्रमाणे घातक पदार्थांच्या संपर्कात येणाऱ्या कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी मालकाने ठेवायच्या आणि त्या कामगाराला पाहू द्यायच्या, असे बंधन घातले गेले. म्हणजे मालक आपले कागद मागतो तसे आपणही त्याच्याकडचे आपले कागद लेखी मागावेत.

यानंतरची पायरी सगळ्यात महत्त्वाची आहे : आपले सर्व कागद आधी आपण स्वतः मिळवावेत. कंपनीने किंवा विमा कंपनीने ते परस्पर दवाखान्यातून नेले तर काय गेले आणि काय राहिले हे आपल्याला कधीच कळत नाही. डॉक्टरांच्या व्यावसायिक आचारसंहितेचे २००२ चे नियम सांगतात की दाखल रुग्णाच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे ठेवायच्या, आणि रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाने मागणी केली की तिची पोच देऊन ७२ तासांत कागद द्यायचे. हे खासगी डॉक्टरांना जसे लागू आहे तसेच सरकारी डॉक्टरांनाही. कोल्हापुरात भाऊसिंगजी रोडवरच्या सीपीआरसारख्या (छत्रपती प्रमिलाराजे) सरकारी रुग्णालयात अर्ज नोंद विभागाकडे द्यावा आणि आवक शिक्का मारलेली दुसरी प्रत आपल्याकडे ठेवावी. तोंडी मागणीचा कुठेच पुरावा राहत नाही. मागताना नुसते ‘माझे रिपोर्ट’ म्हणू नये. केसपेपर, डिस्चार्ज कार्ड, शस्त्रक्रियेची टिपणे, एक्स-रेच्या फिल्म किंवा सीडी, एमएलसी (वैद्यकीय-न्यायिक प्रकरण) क्रमांक आणि बिले अशी यादीच लिहावी.

कागद हाती आले की घरी बसून, डोळस माणसाला बरोबर घेऊन, ओळ न् ओळ वाचावेत. पहिल्या केसपेपरवर वरच्या बाजूला अपघात कसा झाला याची एक-दोन ओळींची नोंद असते. पुष्कळ वेळा जखमी माणूस वेदनेने बेजार असतो आणि त्याच्या वतीने सुपरवायझरच बोलतो. एका कामगाराच्या कागदावर ‘मोटारसायकल घसरून पडला’ असे लिहिलेले मी स्वतः वाचले आहे; त्याचा हात वास्तविक रोलरमध्ये गेला होता आणि त्याला मोटारसायकल चालवताच येत नव्हती. अशी चुकीची नोंद दिसली तर डॉक्टरांना लगेच लेखी अर्ज देऊन खुलासा नोंदवायला सांगावे. मूळ नोंदीवर खाडाखोड मात्र कुणालाही करू देऊ नये, कारण खाडाखोड दिसली की न्यायालयात आधी तिचीच उलटतपासणी होते. शक्य असेल तर अपघाताच्या दिवशीच, डॉक्टर विचारत असताना, उत्तर जखमी माणसाने किंवा घरच्या माणसाने द्यावे आणि ‘साहेब, तुम्ही जरा बाहेर थांबा’ असे सुपरवायझरला म्हणण्यात काही गैर नाही.

कारखान्यातला अपघात वैद्यकीय-न्यायिक प्रकरण म्हणून नोंदला जातो आणि त्याची खबर पोलिसांकडे जाते. ही माहिती थांबवता येत नाही आणि थांबवूही नये. एमएलसी हा आपल्याच बाजूचा पुरावा आहे. दारूचा वास येत होता, अशी नोंद तिथे असेल तर तीही लपत नाही, कारण नशेत असताना झालेल्या अपघाताबाबत मालकाला बचाव मिळतो. मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले असेल तर मात्र हा बचाव चालत नाही.

खासगी रुग्णालयात बिल कंपनीने भरले असेल तर रुग्णालय फाइलही कंपनीलाच देऊन टाकते, असा प्रकार सर्रास घडतो. बिल भरणाऱ्याला बिल पाहण्याचा हक्क आहे, रुग्णाचे गुपित पाहण्याचा नाही. दाखल होतानाच ‘माझ्या लेखी परवानगीशिवाय माझे रिपोर्ट कंपनीला किंवा अन्य कुणाला देऊ नयेत’ असा दोन ओळींचा अर्ज नातेवाइकाने द्यावा. २००२ च्या त्याच नियमांनुसार डॉक्टरने रुग्णाची गुपिते उघड करायची नसतात. न्यायालयाचा आदेश, एखाद्या व्यक्तीला किंवा समाजाला असलेला गंभीर धोका आणि कळवणे बंधनकारक असलेले रोग एवढेच त्याला अपवाद आहेत. ‘एचआरने फोन केला होता’ हे कारण त्या अपवादांत नाही.

मालकाला उपचारांचा प्रत्यक्ष खर्च द्यावा लागतो, म्हणून बिलांचा गठ्ठा द्यावाच लागतो, आणि नेमकी इथेच बहुतेकांची चूक होते. शस्त्रक्रियेआधी एचआयव्ही आणि काविळीच्या तपासण्या नेहमीप्रमाणे होतात. प्रयोगशाळेच्या बिलाला त्यांचे अहवाल पिनने टाचलेले असतात आणि ते तसेच्या तसे कंपनीच्या टेबलावर जातात. बिल द्यावे, अहवाल काढून घ्यावा. खर्च सिद्ध करायला तपासणी झाली एवढे पुरते, तिचा निष्कर्ष लागत नाही. औषधांच्या बिलातही त्या महिन्यात घेतलेल्या इतर औषधांची नावे येतात. म्हणून औषध दुकानदाराला दुखापतीच्या औषधांचे बिल वेगळे करायला सांगावे, म्हणजे पुढे कात्री चालवावी लागत नाही. एचआयव्हीविषयी तर स्वतंत्र कायदाच आहे. २०१७ च्या कायद्यानुसार बाधित व्यक्तीच्या लेखी व समजून दिलेल्या संमतीशिवाय तिची माहिती उघड करता येत नाही, नोकरीत भेदभाव करता येत नाही आणि न्यायालयीन कामकाजात ओळख झाकून ठेवण्याची विनंतीही करता येते. मानसोपचारांच्या नोंदींनाही २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने गोपनीयतेचा हक्क दिला आहे. अपघातानंतर झोप उडाली, मशीनचा आवाज आला की घाम फुटतो, अशा त्रासाची भरपाई आपण स्वतः मागत असू तरच ते कागद पुढे करावेत.

छापील संमतिपत्रावर सही करण्याऐवजी आपले स्वतःचे संमतिपत्र द्यावे. कंपनीचा माणूस कुरकुर करील, पण बहुतेक वेळा घेईल. मजकूर असा ठेवता येतो :

‘मी, खाली सही करणार, दिनांक …… रोजी कारखान्यात झालेल्या अपघातात माझ्या उजव्या हाताला झालेल्या दुखापतीच्या उपचारांची दिनांक …… ते दिनांक …… या काळातील सोबतच्या यादीतील कागदपत्रे फक्त नुकसानभरपाईच्या दाव्याच्या पडताळणीसाठी देत आहे. माझ्या इतर कोणत्याही आजाराची, तपासणीची वा पूर्वीच्या उपचारांची माहिती या संमतीत समाविष्ट नाही. ही कागदपत्रे माझ्या लेखी परवानगीशिवाय इतर कोणासही देऊ नयेत. ही संमती दिनांक …… पर्यंतच लागू राहील आणि त्याआधीही मी ती लेखी कळवून मागे घेऊ शकेन.’

यात तारखा रिकाम्या सोडू नयेत; रिकामी जागा नंतर कुणीही भरू शकतो. जिथे छापील फॉर्मच द्यावा लागतो तिथे ‘सर्व’ हा शब्द खोडून ‘या अपघातासंबंधीची’ असे लिहावे आणि खोडलेल्या जागी छोटी सही करावी. दिलेल्या प्रत्येक झेरॉक्सवर ‘फक्त अपघात भरपाईच्या दाव्यासाठी’ असे तिरपे लिहून तारीख टाकावी. मूळ कागद मालकाला कधीही देऊ नयेत.

मालकाने आपल्या डॉक्टरकडून तपासणी करून घेण्याची मागणी केली तर तिला नकार देण्याचा मोह टाळावा. आपली अपघाताची नोटीस मिळाल्यापासून तीन दिवसांच्या आत मालकाने मोफत तपासणी देऊ केली तर ती करून घ्यावी लागते. कारण नसताना नाकारली तर तेवढ्या काळापुरता भरपाईचा हक्कच स्थगित होतो. पण या तपासणीलाही हद्द आहे. १९२४ च्या नियमांनी पंधरवड्याची भरपाई घेणाऱ्या कामगाराला पहिल्या महिन्यात दोनपेक्षा जास्त वेळा आणि नंतर महिन्यातून एकापेक्षा जास्त वेळा तपासणीला बोलावता येत नाही असे ठरवले आणि स्त्री कामगाराच्या संमतीशिवाय पुरुष डॉक्टरने तिची तपासणी करायची तर तिथे दुसरी स्त्री हजर हवी असेही घातले. फाउंड्रीच्या कोअर शॉपमध्ये (साच्याचे आतले भाग बनवण्याच्या विभागात) काम करणाऱ्या आणि इचलकरंजीच्या यंत्रमागांवरच्या स्त्रियांनी हे आवर्जून लक्षात ठेवावे. तपासणीला जाताना दुखापतीचेच कागद न्यावेत, जखमेविषयीच्या प्रश्नांची खरी उत्तरे द्यावीत आणि ‘घरात कुणाला कसला आजार आहे’ असले प्रश्न आले तर दाव्याशी त्याचा संबंध विचारावा. अहवालाची प्रत लेखी मागावी.

प्रकरण भरपाईचे दावे ऐकणाऱ्या आयुक्तांसमोर गेल्यावर चित्र बदलते. आयुक्तांना साक्षीदार बोलावण्याचे आणि कागद हजर करायला लावण्याचे दिवाणी न्यायालयाचे अधिकार असतात, त्यामुळे विरुद्ध पक्षाने अर्ज करून रुग्णालयाची संपूर्ण फाइल मागवली तर नुसते ‘खासगी आहे’ म्हणून भागत नाही. आपल्या वकिलाने त्या अर्जाला लेखी हरकत घ्यावी, दुखापतीशी संबंध नसलेले भाग वगळण्याची विनंती करावी आणि अगदीच नाजूक कागद असेल तर तो बंद लिफाफ्यात फक्त आयुक्तांनी पाहावा असे मागावे. २०१७ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सांगितले, तो आधार इथे उपयोगी पडतो. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यावर मात्र फार विसंबू नये. तो २०२३ चा असला तरी त्याचे नियम २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये आले आणि बहुतेक बंधने त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायची आहेत. शिवाय नोकरीच्या कारणासाठी व मालकाचे नुकसान टाळण्यासाठी माहिती वापरायला त्याच कायद्याने वाट ठेवली आहे.

कायद्याची कलमे पाळूनही कागद फुटतात ते मोबाइलवर. तुटलेल्या बोटाचा फोटो कारखान्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतो, एक्स-रे ‘साहेबांना दाखवायला’ म्हणून पुढे जातो आणि झेरॉक्सच्या दुकानातल्या संगणकावर डिस्चार्ज कार्ड कायमचे पडून राहते. फोटो काढण्याची गरज असेलच तर तो आपल्याच माणसाने काढावा आणि वकिलाला पाठवावा. दुकानात प्रिंट काढल्यावर पाठवलेली फाइल समोर उभे राहून पुसायला लावावी, कचऱ्याच्या डब्यात टाकलेली खराब प्रतही मागून घ्यावी. आभा क्रमांक (सरकारच्या डिजिटल आरोग्य खात्याचा क्रमांक) काढलेला असेल तर ॲपमध्ये कुणाला कोणत्या मुदतीची संमती दिली आहे ते पाहावे. नको असलेली तिथल्या तिथे रद्द करता येते.

निकाल लागल्यावर किंवा तडजोड नोंदवल्यावर आपण दाखल केलेल्या मूळ एक्स-रे फिल्म आणि कागद परत मिळण्यासाठी अर्ज द्यावा, पण अपिलाची मुदत संपल्यावरच. अपील उच्च न्यायालयात जाते आणि १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात सर्किट बेंच सुरू झाल्यामुळे आता त्यासाठी मुंबईला खेपा घालाव्या लागत नाहीत. तिथले निर्णय नावानिशी संकेतस्थळावर येतात आणि त्यांत डॉक्टरांच्या साक्षीतला तपशीलही असतो, म्हणून नाव झाकायचे असेल तर तशी विनंती निकालाआधी, सुनावणी चालू असतानाच करावी.